आई-बाबांना आणि नातवंडांना घेऊन बेसबॉलच्या सामन्याला: तिकीट काढण्यापूर्वी

प्रश्न असा होता: आई (६८) आणि बाबा (७४) नाशिकहून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आले आहेत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह आहे, पण क्रिकेटचं वेड आहे. मुलं ४ आणि १० वर्षांची. जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्क मैदानावर तिथल्या जायंट्स संघाचा सामना सगळ्यांनी मिळून बघायचा आहे. जमेल का, आणि कुठली तिकिटं घ्यावीत?

जमेल, आणि नक्की जा. फक्त तुमचा खरा प्रश्न तिकिटांचा नाही. सहा माणसांची दमायची, भूक लागायची आणि बाथरूमला जायची वेळ वेगवेगळी आहे, आणि त्यातल्या दोघांना हा खेळ अजिबात माहीत नाही. सामना कितीही रंगो, आईचा गुडघा आणि धाकट्याची झोप त्यासाठी थांबणार नाहीत. म्हणून आधी माणसांचा हिशोब करायचा, मग सामन्याचा. दरवर्षी आमच्या ओळखीतल्या कुटुंबांची तिकिटं काढताना मी याच क्रमाने जाते.

काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत. आई न थांबता किती चालू शकतात? जिन्याच्या वीस-पंचवीस पायऱ्या कठडा धरून उतरता येतात का? बाबा इन्शुलिन घेतात की फक्त गोळ्या? आणि ते येऊन किती दिवस झाले? पहिले दहा दिवस तरी हा बेत करू नका. इथे दुपारचा एक म्हणजे नाशिकला रात्रीचा दीड. दोघंही खुर्चीत पेंगतील आणि तुम्हाला वाटेल की त्यांना आवडलं नाही.

आता वेळ. दुपारचाच सामना घ्या, शनिवार-रविवारी एकच्या सुमारास सुरू होणारा किंवा आठवड्यातला दुपारचा. कारण गारठा. जुलैत सनीवेलला २८ अंश असतं, त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी १८-१९ आणि संध्याकाळी १३-१४ पर्यंत उतरतं. हे मैदान थेट खाडीच्या काठावर आहे, त्यामुळे संध्याकाळी धुकं आणि वारा दोन्ही येतं. घरून टी-शर्टवर निघालेली माणसं तिसऱ्या इनिंगला (दोन्ही संघांचा एकेक डाव झाला की एक इनिंग, अशा नऊ) कुडकुडत मैदानावरच्या दुकानातून महागडी जाकिटं घेतात. दुपारच्या सामन्यालाही आईंसाठी स्वेटर, शाल, पायमोजे आणि कान झाकेल असं काहीतरी घ्याच. उलट उन्हातल्या सीटवर बसलात तर दोन तासांत चेहरा भाजतो. म्हणजे टोपी आणि कानटोपी एकाच पिशवीत लागतात.

सामना किती चालतो? २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लावलं आहे. बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्यांवर, कोणी नसेल तर पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १५ सेकंद, कोणी असेल तर आता १८. त्याआधी सामना सरासरी तीन तासांवर जायचा, आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतो. तुमच्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. तरीही चार वर्षांच्या मुलाचा दम पाचव्या इनिंगपर्यंतच धरा, म्हणजे दीड तास. पुढचं सगळं वरकड.

सीटवर मात्र वेळ घालवा, कारण सगळी सहल तिथेच ठरते.

ओरॅकल पार्कचे विभाग तीन आकडी आहेत. १०० चे खाली, २०० चे मधल्या क्लब मजल्यावर, ३०० चे वर. शेवटचे दोन आकडे १५ च्या जवळ असतील तर तुम्ही होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या पाठीमागे. बाबांना क्रिकेट कळतं म्हणून हीच दिशा घ्या. बाजूने बघितलं तर फक्त वेग दिसतो. पाठीमागून बघितलं तर चेंडू हवेत कसा वळतो, खाली कसा बुडतो ते दिसतं. स्विंग ओळखणाऱ्या माणसाला तिथे दहा मिनिटांत खेळाची गोडी लागते.

मग रांग. नकाशावर न दिसणारी गोष्ट अशी की खालच्या विभागांत तुम्ही वरच्या टोकाने आत येता आणि सीटकडे पायऱ्या उतरत जाता. म्हणजे रांगेचा आकडा जितका लहान, तितकं मैदान जवळ आणि तितक्याच पायऱ्या जास्त. परत येताना, बाथरूमला जाताना, दरवेळी त्या चढायच्या. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी ‘मैदानाच्या जवळची चांगली सीट’ म्हणजे शिक्षा आहे. खालच्या मजल्यावर मागच्या रांगा घ्या. तिथे वरच्या मजल्याचं छप्परही येतं, म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही कमी. तोटा एवढाच की अगदी उंच उडालेला चेंडू क्षणभर छपराआड जातो. तो मान्य करा.

वरच्या मजल्यावरून खाडी आणि पूल फार सुंदर दिसतात आणि तिकीट स्वस्त असतं, पण उतार तीव्र आहे आणि वारा जास्त लागतो. तिथेच जायचं ठरलं तर लिफ्टने वर जा आणि दारातून आत आल्या आल्या लागणाऱ्या रांगा घ्या, त्याच्या वर चढू नका. बजेट असेल तर २०० चा क्लब मजला ज्येष्ठांसाठी सर्वात सुखाचा. मागे बंदिस्त, उबदार मार्गिका आहे आणि बाथरूमच्या रांगा लहान असतात. थंडी वाजली की आई तिथे जाऊन बसू शकतात.

सहा सीट एका ओळीत घेऊ नका. आडव्या सहा माणसांत टोकाच्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, आणि आतलं कोणी उठलं की सगळे उठतात. एकामागे एक अशा दोन रांगांत, एकाच पायरीवाटेला लागून, तीन अधिक तीन घ्या. कडेच्या दोन सीट मिळतात. मागच्या रांगेत कडेला आई, मग बाबा, मग थोरला. पुढच्या रांगेत कडेला तुमच्यापैकी एक, मधे धाकटा, मग दुसरा. धाकट्याला घेऊन उठलं तरी बाबांचा सामना मोडत नाही, आणि आईंना कोणाच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही.

आईंना पायऱ्या अजिबात जमत नसतील तर सुलभ आसनांची तिकिटं काढा. ती फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी असतात असा आपल्याकडे समज आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार चालण्याच्या अडचणीमुळे ज्यांना पायऱ्यांविना जागा लागते, त्यांनाही ती घेता येतात, आणि आजाराचा कागद कोणी मागू शकत नाही. त्या एका सीटबरोबर शेजारी तीन सोबत्यांच्या सीट मिळतात. तुम्ही सहा आहात, तेव्हा चार तिथे आणि दोन जवळच्या विभागात, आणि मधेमधे जागा बदला. दारापासून सीटपर्यंत चालणं जड वाटत असेल तर आत शिरल्यावर मदत कक्षात व्हीलचेअरने पोचवण्याची सोय विचारा. आईंना संकोच वाटेल, म्हणून हे घरीच बोलून ठेवा.

मुलांच्या बाबतीत एकच कडक नियम. २०२० च्या मोसमापासून सगळ्या मोठ्या मैदानांवर प्रेक्षकांना चेंडू लागू नये म्हणून लावलेली जाळी दोन्ही डगआउटच्या (संघांच्या बसण्याच्या जागांच्या) पुढपर्यंत वाढवली आहे. खालच्या पुढच्या सीट जाळीच्या पलीकडे घेऊ नका. बॅटवरून रेषेबाहेर सुटलेला फाउल चेंडू डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो, आणि आजीच्या हातात नातू आणि नातवाच्या हातात फ्राइज असताना कोणी तो अडवू शकत नाही.

जायचं कसं? सनीवेलहून कॅलट्रेन. २०२४ च्या सप्टेंबरपासून विजेच्या नव्या गाड्या आहेत, वेळ तासाभराचा. शेवटचं स्टेशन फोर्थ आणि किंग या रस्त्यांच्या चौकात, तिथून मैदान एक लांब ब्लॉक. तुम्हाला सहा-सात मिनिटं, आईंना पंधरा धरा. पासष्टच्या वरच्यांना तिकीट अर्ध्या दरात मिळतं, वयाचा पुरावा जवळ ठेवा. नव्या गाडीत बाथरूम एकाच डब्यात असतं, म्हणून त्याच्या जवळच्या डब्यात बसा. मधुमेह असलेल्या माणसासोबत ही किरकोळ गोष्ट नाही. गाडीने गेलात तर पार्किंग आधी आरक्षित करा. सामन्याच्या दिवशी रस्त्यावरच्या मीटरचे दर चढतात, आणि सामना सुटल्यावर चाळीस हजार माणसं एकदम बाहेर पडतात. टॅक्सी बोलवायची तर आधी दोन-तीन ब्लॉक दूर चालावं लागतं, आणि तेवढं चालणं आईंना जमणार नाही. म्हणून त्या बाबतीत मी रेल्वेच सुचवते.

दारं साधारण दीड तास आधी उघडतात. पाऊण तास आधी पोचा. फुकट बाहुली किंवा टोपी वाटण्याचा दिवस असेल तर रांग फार मोठी असते, आजी-आजोबांसोबत तो दिवस टाळलेला बरा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्धचे सामनेही टाळा. जुनं वैर आहे, तिकीट महाग, गर्दी आणि आरडाओरडा जास्त.

तिकिटं फोनवरच असतात. सहाही एकाच फोनवर ठेवू नका, निम्मी जोडीदाराला पाठवा, म्हणजे दोन गट वेगळे आत-बाहेर करू शकतात. आत रोख पैसे चालत नाहीत. बाबांच्या पाकिटातले डॉलर तिथे कामाचे नाहीत, तेव्हा नातवाला काही घेऊन देण्याची त्यांची हौस पुरी व्हावी म्हणून त्यांच्या हातात एक कार्ड द्या. आणि आई-बाबा दोघांच्याही खिशात चिठ्ठी ठेवा: विभाग, रांग, सीट आणि तुमचा फोन नंबर. इथलं सिम नसतं, आणि बाहेरची मार्गिका सगळीकडे एकसारखी दिसते.

खाणं. या मैदानावर घरचं खाणं आत नेता येतं, ही आपल्यासाठी मोठी सोय. पण काच, धातूचे कॅन आणि टणक खोके अडवतात. स्टीलचा डबा आणि चहाचा थर्मास दारात अडकू शकतो. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी झिपच्या पिशव्यांत किंवा पातळ प्लॅस्टिकच्या डब्यांत न्या. पाण्याच्या सीलबंद प्लॅस्टिक बाटल्या चालतात. पिशवी मऊ आणि लहान ठेवा. पाठीवरच्या सॅकबद्दलचे नियम मैदानं बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघा. औषधं आणि इन्शुलिन वेगळ्या पारदर्शक पिशवीत, तपासणीच्या वेळी आपणहून दाखवा.

बाबांचं जेवण सामन्याच्या वेळेवर सोडू नका. एकचा सामना म्हणजे बारा वाजायच्या आत, रेल्वेतच पोटभर खाऊन घ्यायचं. आत गेल्यावर दुकानांच्या रांगेत वीस मिनिटं सहज जातात, आणि मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी उभं राहणं धोक्याचं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असूद्यात. हौस म्हणून इथले लसणीचे फ्राइज सगळ्यांनी चाखा, शाकाहारी माणसाला ते हमखास आवडतात. एक पुडा तिघांना पुरतो. शेवटच्या इनिंगांच्या सुमारास समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मैदानावर उतरतात आणि उघड्या पुड्यावर झडप घालतात. धाकट्याच्या हातातलं खाणं सातव्या इनिंगनंतर पिशवीत.

एवढं सांभाळलंत तर शरीरं ठीक राहतील. आता बाबांचं मन. यासाठी आदल्या दिवशी चहाबरोबर अर्धा तास द्या, आणि सगळे नियम सांगू नका. चार सांगा.

पहिला: मैदानाचा फक्त पाव भाग खेळाचा. होम प्लेटपासून काटकोनात गेलेल्या दोन रेषांच्या आत मारलेला चेंडूच धरतात. लेट कट मारला तर इथे तो फाउल. दुसरा: बॅट फिरवून चुकलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, आवाक्याबाहेरचा म्हणून सोडलेला म्हणजे बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की फुकटात पहिला बेस. फाउल हा स्ट्राइक मोजतात, पण तिसरा स्ट्राइक साध्या फाउलने होत नाही. म्हणून चांगला बॅटर अडचणीत असला की फाउल मारमारून पिचरला दमवतो. हे कळलं की क्रिकेटवाल्या माणसाला नुसत्या फाउलमध्येही झुंज दिसायला लागते. तिसरा: चेंडू आतल्या भागात लागला की पळावंच लागतं. तटवून उभं राहायची सोय नाही, आणि पहिल्या बेसवर धावबाद करायला क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात धरून बेस पायाने शिवला तरी पुरतो. चौथा: तीन बाद झाले की डाव बदलतो, असे प्रत्येक संघाचे नऊ डाव. पाहुणा संघ आधी खेळतो. नवव्यात यजमान आघाडीवर असतील तर ते बॅटिंगला येतच नाहीत, सामना तिथेच संपतो. अनिर्णित नाही, बरोबरी झाली तर दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक खेळाडू उभा करूनच सुरुवात होते.

बाबा हमखास विचारतील, टप्पा न पडणाऱ्या चेंडूत कसलं कसब? त्यांना अंतर सांगा. पिचरचा फळीवरचा पाय आणि होम प्लेट यांत ६० फूट ६ इंच. क्रिकेटमधल्या दोन पॉपिंग क्रीझमध्ये ५८ फूट. म्हणजे जवळजवळ तेवढंच. तिथून रोज, प्रत्येक संघाचे अनेक जण ताशी दीडशे किलोमीटरने टाकतात, आणि समोरचा माणूस गोल दांड्याने मारतो. शिवाय २०२६ पासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन चुकीची आव्हानं माफ. बॅटर, पिचर किंवा कॅचर (इथला यष्टिरक्षक) डोक्यावर हात टेकवतो आणि पडद्यावर चेंडूचा मार्ग येतो. तंत्र हॉक-आयचंच. डीआरएसवर घरी वाद घालणाऱ्या माणसाला याहून ओळखीचं काय हवं?

आणि बाबांच्या हातात कोरं स्कोअरकार्ड द्या. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. घरी दोन प्रती छापा, पेन्सिल आणि खोडरबर घ्या, एक बाबांना आणि एक थोरल्याला. खेळाडूंना जागेवरून आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे बाहेरचे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, दोघे बाद, की चौकटीत लिहायचं ६-४-३. स्ट्राइकने बाद झाला की इंग्रजी ‘के’, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच ‘के’ उलटा. ही पद्धत रुजवणारे हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेले, अमेरिकेत आधी क्रिकेटची वार्तापत्रं लिहिणारे. क्रिकेटचं धावफलक ठेवलेल्या माणसाचा हात यात लगेच बसतो. बाबा नोंद करतात, नातू पडद्यावरून खेळाडूंची नावं वाचून दाखवतो, उलटा ‘के’ की सुलटा यावर दोघांचा वाद होतो. दोन पिढ्यांना एकमेकांशी काय बोलावं हा प्रश्नच राहत नाही. पहिल्या दोन इनिंगांत चौकटी चुकतील, चुकू द्या.

आईंना खेळात रस नसेल तर ओढू नका. सुरुवातीला राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची, एवढं दोघांना आधी सांगा. यजमानांनी होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला की मोठा भोंगा वाजतो. कानात यंत्र असेल तर आवाज कमी ठेवा, धाकट्याला कान झाकायचं साधन द्या. तिसऱ्या-चौथ्या इनिंगला त्याला घेऊन डाव्या मैदानामागच्या मुलांच्या जागेत जा. आईंना गुडघे मोकळे करायला थोडं चालायचं असेल तर मध्य मैदानामागे भाज्या आणि हिरवळ वाढवलेली बाग आहे, बसायला जागा आहे. अनेक ज्येष्ठांना सामन्यापेक्षा तीच आवडते, आणि ते पूर्णपणे चालेल. सातव्या इनिंगच्या मधे सगळं मैदान उभं राहून गातं. जमलं तर तिथपर्यंत थांबा, आईंनाही त्यात मजा येते.

निघायचं कधी, हे घरून निघण्यापूर्वी ठरवा. सातव्यानंतर आई, धाकटा आणि तुमच्यापैकी एक निघतील. बाबा, थोरला आणि दुसरा शेवटपर्यंत थांबतील. हे आधी बोललेलं नसेल तर बाबा “नको, आपण सगळे जाऊ” म्हणतील, सामना नेमका रंगात असताना उठतील, आणि आईंना वाटेल की आपल्यामुळे झालं. आधी बोललेलं असेल तर कोणालाच अपराधी वाटत नाही. आठव्यात निघालेल्या गटाला रेल्वेत जागाही मिळते. मागे थांबलेल्यांसाठी सामन्यानंतरची जादा गाडी असते का, ती वेळ आधी बघून ठेवा.

तरीही खात्री वाटत नसेल तर दोन स्वस्त वाटा आहेत. उजव्या मैदानाच्या भिंतीला, खाडीकाठच्या रस्त्यावर, जाळीच्या कमानी आहेत. तिथून तिकिटाविना काही वेळ सामना बघता येतो. एखाद्या दुपारी फेरीबोट किंवा पूल बघायला गेलात की तिथे अर्धा तास उभे राहा, बाबांचा चेहरा बघून कळेल.

दुसरी वाट घराजवळची. सॅन होजेला जायंट्सचाच कनिष्ठ संघ खेळतो, १९४२ मध्ये उघडलेल्या छोट्या मैदानावर. तिकीट बरंच स्वस्त, चालणं कमी, सनीवेलपासून गाडीने जवळ, आणि संध्याकाळी तिथे इतका गारठा नसतो. खेळाडू विशी-बाविशीतले, काही हातांच्या अंतरावर. आईंचे गुडघे सध्या जास्त दुखत असतील किंवा धाकटा अजून दुपारी झोपत असेल, तर मी आधी तिथेच पाठवेन, आणि ओरॅकल पार्क ऑगस्ट-सप्टेंबरसाठी ठेवेन. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोची हवा जुलैपेक्षा उबदार असते, शाळा सुरू झालेल्या असल्याने आठवड्यातल्या दुपारी गर्दीही कमी असते. फक्त थोरल्याची एक दिवस रजा काढावी लागेल. आई-बाबांचं परतीचं तिकीट कधीचं आहे तेवढं कळवा, म्हणजे कुठला महिना धरायचा ते नेमकं सांगता येईल.